कपाटातले साहित्य आणि मैदानावरची तासिका: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका शाळेच्या शारीरिक शिक्षण अनुदानाचे प्रकरण

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत एका बाजूला कारखाने आणि दुसऱ्या बाजूला कामगारांच्या वस्त्या अशी रचना आहे. या वस्त्यांमधील मुले ज्या शाळांत जातात, त्यांपैकी पहिली ते आठवीच्या एका मराठी माध्यमाच्या सार्वजनिक शाळेने शारीरिक शिक्षणासाठी बाहेरून अनुदान मिळवण्याचा दोन वेळा प्रयत्न केला. पहिला अर्ज नाकारला गेला आणि दुसरा मंजूर झाला. दोन्ही वेळी शाळा तीच होती, पटावरची मुले बहुतांशी तीच होती आणि ज्या कंपनीकडे अर्ज केला ती कंपनीही तीच होती. बदलले ते मागणे. हे मागणे का बदलावे लागले आणि बदलल्यावर प्रत्यक्ष मैदानावर काय झाले, याची ही नोंद आहे. शाळेचे, कंपनीचे आणि मध्यस्थ संस्थेचे नाव येथे जाणीवपूर्वक दिलेले नाही. मी स्वतः निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक असून या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ सदस्य म्हणून काम करत होतो. दोन्ही अर्जांचे मसुदे माझ्या हातचे आहेत, त्यामुळे पहिल्या अर्जातील चूकही मुख्यतः माझीच आहे.

शाळेची मूळ स्थिती

शाळा दोन सत्रांत भरते. इमारतीपुढे काटकोनी आकाराचे आवार आहे. त्याच्या एका भुजेवर पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत आणि दुसऱ्या भुजेवर मुरूम आहे, जो पावसाळ्यात चिखल होतो आणि फेब्रुवारीनंतर धूळ होतो. पेव्हर ब्लॉकवर धावताना पडलेल्या मुलाचे गुडघे कसे सोलवटतात, हे शाळेच्या प्रथमोपचार पेटीतल्या कापसाच्या खपावरून कळत असे. शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र शिक्षक शाळेत नव्हता. आठवड्याला दोन तासिका वेळापत्रकात होत्या, त्या वर्गशिक्षकच घेत. घटक चाचणी जवळ आली की त्या तासिका गणिताकडे किंवा इंग्रजीकडे जात, आणि याबद्दल कोणालाही काही वावगे वाटत नसे.

साहित्य अजिबात नव्हते असे मात्र नाही. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीशेजारी एक लोखंडी कपाट होते. त्यात लेझीम, लाकडी डंबेल्स, दोन फुटबॉल, टेनिक्वाइटच्या रिंगा, दोरीउड्यांच्या दोऱ्या आणि एक न उघडलेला व्हॉलीबॉलचा नेट होता. हे कपाट बहुधा बंद असे. साहित्य एकदा साठा नोंदवहीत चढले की ते हरवल्यास किंवा फाटल्यास उत्तर देण्याची जबाबदारी कोणा तरी एका शिक्षकावर येते. खराब झालेल्या वस्तूचे निर्लेखन करायचे, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर काढून टाकायची, तर ठराव, तपासणी आणि मंजुरी अशी वाट चालावी लागते. म्हणून शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित चेंडू म्हणजे कपाटातला चेंडू. शाळांमधील क्रीडासाहित्य वापरले का जात नाही, याचे कारण अनेकदा शिक्षकांच्या अनास्थेत शोधले जाते. माझ्या मते ते नोंदवहीच्या भीतीत शोधायला हवे.

शासकीय निधीचे गणितही येथे सांगायला हवे. समग्र शिक्षा ही योजना २०१८-१९ पासून सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या तीन योजना एकत्र करून सुरू झाली. तिच्यात शासकीय शाळांना क्रीडासाहित्यासाठी दरवर्षी प्राथमिक शाळेस कमाल ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेस कमाल १०,००० रुपये आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेस कमाल २५,००० रुपये अशी तरतूद आहे. पाचशे पटाच्या उच्च प्राथमिक शाळेला पूर्ण १०,००० रुपये मिळाले, असे धरले तरी एका मुलामागे वर्षाला २० रुपये पडतात. हा निधी निरुपयोगी नाही. चेंडू, दोऱ्या, रिंगा, शंकू यांची गरज त्यातून बरीचशी भागते. परंतु तो साहित्यासाठी आहे, आणि या शाळेचा तुटवडा मुळात साहित्याचा नव्हता. हे आम्हाला फार उशिरा समजले.

पहिला अर्ज आणि त्याचा नकार

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठतो, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) कामांवर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात अशा कंपन्या आहेत आणि आपल्या कारखान्याच्या परिसरातील शाळांना मदत करण्याकडे त्यांचा स्वाभाविक कल असतो. त्यामुळे आमच्या समितीत अनुदानाचा विषय निघाला तेव्हा सर्वांची नजर रस्त्यापलीकडच्या कारखान्यांकडे गेली.

पहिला अर्ज आम्ही पंधरा दिवसांत तयार केला. त्यात खुल्या व्यायामशाळेची उपकरणे, कृत्रिम पृष्ठभागाचे छोटे बहुउद्देशीय मैदान, बास्केटबॉलचे दोन खांब, खेळाचे गणवेश आणि साहित्याची चार पानी यादी होती. यादी करताना आम्हा सर्वांना मनापासून आनंद झाला होता, कारण प्रत्येकाने आपल्या लहानपणी न मिळालेली एखादी वस्तू त्यात घातली होती. कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागातील अधिकारी एका सकाळी शाळेत आल्या. त्यांनी आवार पाहिले, कपाट उघडायला लावले आणि तीन प्रश्न विचारले. हे साहित्य मुलांना शिकवणार कोण? ते कोणत्या तासिकेला आणि किती वर्गांना मिळणार? वर्षभराने मुलांमध्ये काही फरक पडला की नाही, हे शाळा कशावरून सांगणार? आमच्याकडे तिन्ही प्रश्नांची उत्तरे नव्हती. महिनाभराने सौजन्यपूर्ण शब्दांत नकाराचे पत्र आले. त्या वेळी समितीतील काही पालकांना कंपनीचा राग आला. आज मला तो नकार योग्य वाटतो. त्या अर्जाला होकार मिळाला असता, तर कपाटाची जागा एका मोठ्या कपाटाने घेतली असती आणि मैदानावर व्यायामाची उपकरणे गंजत उभी राहिली असती. लहान मुलांच्या मापाची नसलेली अशी उपकरणे उद्यानांतही आपण पाहतोच.

घड्याळ लावून पाहिलेली तासिका

नकारानंतर मुख्याध्यापिका बाईंनी मला एक काम दिले. पंधरा दिवस शाळेत यायचे, प्रत्येक शारीरिक शिक्षणाच्या तासिकेला मैदानाच्या कडेला बसायचे आणि घड्याळ लावून नोंद करायची. या नोंदीने माझे स्वतःचे अनेक समज मोडले.

तासिका ३५ मिनिटांची. दुसऱ्या मजल्यावरून रांगेने खाली येणे, हजेरी, रांग सरळ करणे आणि शेवटी पुन्हा रांगेने वर जाणे यांत जवळपास निम्मा वेळ जाई. उरलेल्या वेळात चाळीसएक मुलांना एक चेंडू मिळे. सात-आठ चपळ मुले त्या चेंडूमागे धावत, काही मुले त्यांच्यामागे धावल्यासारखे करत आणि उरलेली भिंतीच्या सावलीत उभी राहत. शिक्षिकेला मुलांची सुरक्षितता पाहायची असल्याने ती मध्ये उभी असे. खेळ शिकवणे तिच्याकडून अपेक्षितच नव्हते आणि तसे प्रशिक्षणही तिला कधी मिळालेले नव्हते.

आता हे वर्षाच्या हिशेबात मांडून पाहावे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षात किमान २२० कार्यदिन आणि १,००० अध्यापन तास अपेक्षित आहेत. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका म्हणजे ७० मिनिटे. सुमारे ३६ आठवडे एकही तासिका न बुडता झाल्या, तरी ते ४२ तास होतात. त्यातून पावसाळा, परीक्षा, सण आणि निवडणुकीच्या काळात मतदान केंद्र झालेली शाळा हे सर्व वजा करायचे आणि उरलेल्यातून रांगांचा वेळ वजा करायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार शारीरिक हालचाल करावी असे म्हटले आहे, म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटे. शाळेने ती सगळी पुरवावी असे कोणी म्हणत नाही. परंतु दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या आणि ज्यांच्या गल्लीत टँकर, टेम्पो आणि दुचाक्या यांखेरीज मोकळी जागा नाही, अशा मुलांना शाळेचे मैदान मिळाले नाही तर दुसरे मैदान मिळत नाही.

मुली भिंतीशी का उभ्या राहत होत्या

नोंदीत एक गोष्ट दररोज दिसत होती. पाचवीपर्यंत मुली मुलांइतक्याच धावत. सहावीपासून त्या भिंतीशी जात आणि आठवीत तर काही मुली तासिकेला वर्गातच बसण्याची परवानगी मागत. वर्गशिक्षिकांचे म्हणणे असे होते की या वयात मुली लाजतात. मी तीस वर्षे हेच ऐकत आलो होतो आणि बरेचदा मीही तेच म्हटले होते. या वेळी मात्र मुख्याध्यापिका बाईंनी फक्त मातांची सभा बोलावली आणि पुरुष शिक्षकांना, मलाही, बाहेर थांबायला सांगितले. सभेनंतर त्यांनी जे सांगितले, त्याने दुसऱ्या अर्जाचे स्वरूप ठरले.

सहावीपासून मुलींचा गणवेश सलवार-कमीज आणि ओढणी असा होता. ओढणी सांभाळत खो-खोत बसायचे आणि उठायचे कसे, असा प्रश्न एका आईने विचारला. दुसरीने सांगितले की शाळेच्या स्वच्छतागृहाची कडी मोडलेली असल्याने मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि पाणी न प्यायलेल्या मुलीने उन्हात धावू नये म्हणून घरूनच तिला खेळू नकोस असे सांगितलेले असते. पाळीच्या दिवसांत डाग पडण्याची भीती, आवाराच्या कुंपणाबाहेर उभी राहणारी मुले आणि त्यांची शेरेबाजी, घामेजल्या कपड्यांत उरलेले तीन तास वर्गात बसण्याचा संकोच, असे एकेक कारण पुढे येत गेले. लाज हे त्यांतले एकही कारण नव्हते. कडी, पाणी, कपडे आणि आडोसा या चार गोष्टी होत्या आणि चारही गोष्टी पैशाने व थोड्या व्यवस्थेने सुटण्यासारख्या होत्या. आमच्या पहिल्या अर्जाच्या चार पानी यादीत यांपैकी एकही नव्हती. ही गोष्ट मला आजही बोचते.

या शाळेपासून काही किलोमीटरवर नेरूळचे डी. वाय. पाटील मैदान आहे. तेथे २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या विजयाने शहरातील मुलींना जे बळ मिळाले ते खरेच आहे. मात्र त्या मैदानापर्यंतच्या वाटेवर स्वच्छतागृहाची मोडकी कडी आहे, हेही तितकेच खरे आहे.

दुसरा अर्ज

दुसऱ्या अर्जात सर्वांत मोठी रक्कम मागितली ती माणसासाठी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळेत मुलांची संख्या १०० पेक्षा जास्त असेल, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे हे विषय शिकवणारे अर्धवेळ शिक्षक, असावेत असे म्हटले आहे. म्हणजे आमची मागणी हौसेची नव्हती, कायद्यातच तिला आधार होता. शारीरिक शिक्षणाची पदवी असलेले दोन निदेशक, त्यांतील एक महिला, दोन सत्रांना मिळून, तीन वर्षांच्या मानधनासह, अशी मागणी केली. त्यानंतर मुरमाच्या भागाचे सपाटीकरण, निचऱ्याची नाली आणि लाल मातीचा थर, मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि कपडे बदलण्यासाठी एक खोली, सहावी ते आठवीच्या मुलींसाठी ट्रॅक पँट व टी-शर्ट, पिण्याच्या पाण्याची सोय आणि सर्वांत शेवटी साहित्य, असा क्रम लावला. वापरात झिजणाऱ्या साहित्यासाठी दरवर्षी काही रक्कम वेगळी ठेवली. चेंडू फाटणे हा वापराचा पुरावा मानावा आणि वर्षातून एकदा निर्लेखनाची सभा नेमाने घ्यावी, असा व्यवस्थापन समितीचा ठराव अर्जासोबत जोडला. या एका ठरावाने शिक्षकांची भीती जितकी कमी झाली, तितकी कोणत्याही परिपत्रकाने झाली नसती.

अर्जाच्या रचनेसाठी मी परदेशातील एका जुन्या योजनेचा आधार घेतला. अमेरिकेत शाळांचा कारभार ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाच्या स्थानिक घटकाकडे असतो. तेथे या शतकाच्या सुरुवातीपासून कॅरोल एम. व्हाइट यांच्या नावाने शारीरिक शिक्षणासाठी केंद्रीय अनुदानाची योजना चालत असे. शाळा-जिल्हे आणि सामाजिक संस्था त्यासाठी थेट अर्ज करत. त्या योजनेत पहिल्या वर्षी एकूण खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंतच आणि पुढील वर्षांत ७५ टक्क्यांपर्यंतच केंद्राचा वाटा असे. उरलेला वाटा स्थानिक घटकाने उभा करायचा असे. पुढे २०१५ च्या शिक्षण कायद्याने ही स्वतंत्र योजना संपली आणि शारीरिक शिक्षणाचा समावेश एका व्यापक अनुदानात झाला. त्या देशाची परिस्थिती आणि आपली परिस्थिती यांची तुलना होऊ शकत नाही, परंतु वाढत्या स्थानिक वाट्याची ही कल्पना मला अतिशय शहाणपणाची वाटली. अनुदान संपण्याच्या दिवसाची तयारी ते सुरू होण्याच्या दिवशीच करायची, हा तिचा अर्थ. आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मानधनाचा काही भाग शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेने उचलावा, असा प्रस्ताव जोडला आणि त्यासाठी तिच्याकडे स्वतंत्र पत्रव्यवहार पहिल्याच महिन्यात सुरू केला.

तांत्रिक अडचणी दोन होत्या. पहिली शीर्षकाची. सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिच्यात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, म्हणून आम्ही अर्ज त्या शीर्षकाखाली लिहिला होता. कंपनीच्या लेखा विभागाने दाखवून दिले की शाळेतील प्रत्येक मुलाला मिळणारे शारीरिक शिक्षण हे शिक्षणाच्या प्रसाराखाली येते. यामुळे फरक केवळ कागदावरचा पडला नाही. खेळाडू घडवण्याचे उद्दिष्ट अर्जातून निघून गेले आणि सर्व मुले हलती ठेवण्याचे उद्दिष्ट आले.

दुसरी अडचण कालगणनेची होती आणि ती अधिक अवघड होती. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च, शाळेचे वर्ष जून ते एप्रिल. मंजुरी दिवाळीच्या सुमारास मिळाली, म्हणजे ३१ मार्चपर्यंत खर्च करायला जेमतेम पाच महिने हाती होते आणि त्यांतला शेवटचा महिना परीक्षेच्या तयारीचा. अशा वेळी घाईने साहित्य खरेदी करून देयके लावण्याचा मोह सर्वांनाच होतो. मार्च महिन्यात शाळांमध्ये येणाऱ्या खोक्यांचे मूळ बरेचदा या कालगणनेत असते. कायद्यात ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे. सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत प्रकल्प चालवता येतो आणि त्यातील अखर्चित रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र खात्यात वर्ग करून पुढे त्याच कामासाठी वापरता येते. कंपनीच्या समितीने आमचा प्रकल्प या सदरात घेतला, हा या प्रकरणातील सर्वांत निर्णायक निर्णय होता असे मी मानतो.

निधी थेट शाळेकडे आला नाही. कंपनी ज्या संस्थेमार्फत असे काम करते, तिची १ एप्रिल २०२१ पासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. अशी नोंदणी असलेली एक संस्था, कंपनी आणि शाळेची यंत्रणा यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. निदेशकांचे मानधन संस्थेने द्यायचे, वेळापत्रक मुख्याध्यापिकेने ठरवायचे आणि तीन दरपत्रके मागवून खरेदी करण्याची प्रक्रिया व्यवस्थापन समितीच्या दोन पालक सदस्यांसमोर व्हायची, असे त्यात लिहिले.

मैदानावर

पहिल्या वर्षी दोन तासिका चार झाल्या नाहीत. तसे करणे वेळापत्रकात शक्यच नव्हते. दोन वेगवेगळ्या तासिका जोडून ७० मिनिटांची एक सलग तासिका केली आणि मधल्या सुट्टीत निदेशकांच्या देखरेखीखाली मैदान खुले ठेवले. सलग तासिकेमुळे रांगांचा वेळ निम्म्यावर आला. मैदानाचे फक्कीने सहा चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात सहा-सात मुले, त्यांच्या मापाचे साहित्य आणि एक खेळ, अशी रचना केली. लंगडी, लगोरी, टेनिक्वाइट, दोरीउड्या, पासचा सराव आणि खो-खोतील बसणे-उठणे, दर दहा मिनिटांनी चौकोन बदलायचा. चेंडू खरेदी करताना आम्ही प्रथमच आकार पाहिला. जुने फुटबॉल पाच क्रमांकाचे, म्हणजे मोठ्यांचे होते. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चार क्रमांकाचे घेतले आणि लहान मुलांचे पाय चेंडूला घाबरेनासे झाले. खो-खोला तर दोन खांब आणि माती यांखेरीज काहीच लागत नाही. मुलींचा सर्वाधिक ओढा याच खेळाकडे राहिला. ट्रॅक पँट आली, खोलीला कडी आली आणि दुसऱ्या महिन्यापासून आठवीच्या मुली तासिकेला वर्गात बसण्याची परवानगी मागेनाशा झाल्या.

मोजमापासाठी खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचण्या वापरल्या. पहिली ते तिसरीसाठी एका पायावर तोल आणि तबकड्यांना हात लावण्याची चाचणी, चौथीपासून पुढे ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, पोटाचे व हाताचे व्यायाम आणि सर्वांसाठी उंची-वजन. आमच्या आवारात ६०० मीटरची धाव घेण्यासाठी ६० मीटरच्या वळशाच्या दहा फेऱ्या आखाव्या लागल्या. वळणावर वेग कमी होतो, म्हणून या वेळेची तुलना दुसऱ्या शाळेशी करायची नाही, फक्त त्याच मुलाच्या आधीच्या वेळेशी करायची, असे ठरवले. एक चूक येथेही झाली. पहिल्या चाचणीत वजन रांगेत सर्वांसमोर घेतले आणि मोठ्याने नोंदवले गेले. दुसऱ्या दिवशी एक मुलगा शाळेत आला नाही. त्यानंतर वजन खोलीत एकेकाचे घेतले जाते आणि आकडा फक्त पालकांना दिला जातो.

पावसाळ्याने पहिल्या वर्षाची अर्धी योजना बिघडवली. नालीचे काम जूनपूर्वी पूर्ण झाले नाही आणि लाल मातीचा पहिला थर जुलैच्या मुसळधार पावसात वाहून गेला. तो खर्च पुन्हा करावा लागला. कोकण किनाऱ्यावर मैदानाचे काम करायचे तर निचरा आधी आणि माती नंतर, आणि माती दसऱ्यानंतरच, हे कंत्राटदाराला माहीत होते, पण मार्चअखेरच्या देयकाच्या घाईत आम्ही त्याचे ऐकले नव्हते. पावसाच्या महिन्यांत व्हरांड्यात सूर्यनमस्कार, लेझीम आणि जागेवरचे तोलाचे खेळ घेतले. लेझीम वर्षानुवर्षे फक्त १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीसाठी कपाटातून निघत असे, ती आता आठवड्याला निघू लागली.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यात पुरुष निदेशक सोडून गेले. एका खासगी क्रीडा अकादमीने त्यांना अधिक पगार दिला, आणि त्यांना दोष देण्यासारखे त्यात काही नव्हते. अंशकालीन मानधनावर कुटुंब चालत नाही. नवीन माणूस मिळेपर्यंत दीड महिना गेला. या दीड महिन्यात सलग तासिका मात्र बंद पडल्या नाहीत, कारण पहिल्या वर्षी वर्गशिक्षिका निदेशकांसोबत मैदानावर उभ्या राहून चौकोनांची पद्धत शिकल्या होत्या. अर्जात शिक्षकांच्या या सहभागासाठी वेगळी रक्कम नव्हती, केवळ एक अट होती की निदेशक मैदानावर असताना वर्गशिक्षकाने स्टाफरूममध्ये बसू नये. सुरुवातीला या अटीला विरोध झाला होता.

निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दरवर्षीच्या उपयोगिता प्रमाणपत्रासोबत आम्ही तीन नोंदी देत आलो: वेळापत्रकातील किती सलग तासिका प्रत्यक्ष झाल्या, किती साहित्य वापरून झिजले आणि प्रत्येक मुलाच्या दोन चाचण्यांतील फरक. बहुसंख्य मुलांच्या धावेच्या वेळेत सुधारणा दिसली, परंतु मुले दरम्यान वाढतात, त्यामुळे हा सगळा बदल अनुदानाचा मानता येणार नाही, असे आम्ही अहवालात स्पष्ट लिहिले. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी या वाक्याबद्दल आभार मानले. मला स्वतःला सर्वांत विश्वासार्ह वाटते ती पहिली नोंद. तासिका झाली की नाही, याला वाढत्या वयाचे स्पष्टीकरण लागू पडत नाही.

आजची स्थिती

तिसरे वर्ष आता संपत आले आहे. महिला निदेशक अजून आहेत, त्यांच्या मानधनाचा अर्धा भाग शाळेची स्थानिक यंत्रणा देते. उरलेला अर्धा भाग पुढील जूनपासून कोण देणार, याचा निर्णय झालेला नाही. मैदानाच्या पुढील दुरुस्तीसाठी राज्याच्या क्रीडा विभागाच्या क्रीडांगण विकास अनुदान योजनेत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत अर्ज करण्याची तयारी चालू आहे आणि झिजणारे साहित्य समग्र शिक्षेच्या १०,००० रुपयांत बसेल असा हिशेब केलेला आहे. मानधन मात्र या दोन्हींत बसत नाही. व्यवस्थापन समितीच्या गेल्या सभेत मातांनी स्वतः ठराव मांडला की निदेशकपद चालू ठेवण्याची मागणी पटसंख्या, तीन वर्षांच्या तासिकांची नोंद आणि कायद्याच्या अनुसूचीतील तरतूद यांसह लेखी पाठवावी. तो ठराव इतिवृत्तात नोंदवला गेला, त्यावर सतरा सह्या आहेत आणि त्याची पोच शाळेच्या फाइलला लावलेली आहे.